चादरीची चार टोकं

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी सव्वाअकराला फोन वाजला. झगा इस्त्री करून खुंटीला लावलेला होता, उपासनेचा कागद टेबलावर होता आणि बारा वाजता घंटा द्यायची होती. फोन गुरुजींच्या धाकट्या सुनेचा. "पाळकसाहेब, आप्पांना लय तरास व्हतोय. श्वास थांबून थांबून येतोय. तुमचं नाव घेतलं त्यांनी. प्रभुभोजन पाहिजे म्हणत्यात." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीसाठी पाळकाच्या हातून घ्यायची भाकर आणि द्राक्षांचा रस.

गुरुजी म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे. मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेले, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या तीन पिढ्यांना बाराखडी गिरवायला लावलेले. त्यांची वस्ती चर्चपासून चौदा किलोमीटरवर, त्यातला शेवटचा तुकडा कच्चा. जाऊन यायला तास-सव्वा तास तरी हवा. उपासना बारा ते तीन, आणि तीनशे माणसं यायला लागलेली.

पंधरा वर्षं मी नगर जिल्ह्यात पाळक आहे. दोन ठिकाणी एकाच वेळी पाळक हवा असेल तर काय करायचं, हे सेमिनरीत कुणी शिकवत नाही. मी फोन कानाला लावून नुसता उभा राहिलो. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मी काय झालंय ते सांगितलं. तिनं तीनच गोष्टी विचारल्या: लघवी शेवटची कधी झाली, पाय गार पडलेत का, आणि पाणी पाजताहेत का. मी सुनेला विचारून सांगितलं. लघवी कालपासून नाही. पाय गुडघ्यापर्यंत गार. चमच्यानं पाणी पाजणं चाललेलं, पण दर वेळी ठसका लागत होता.

"आधी पाणी थांबवा म्हणावं," ही म्हणाली. "मी निघते. तुम्ही उपासना घ्या, संपली की सरळ तिकडंच या. रात्रीपर्यंत राहतील असं वाटतंय."

"आणि तिसरा उद्गार?"

तिनं टेबलावरचे दोन कागद उचलले आणि माझ्या हातात दिले. मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून मीच तिला लिहून दिलेले. "तो दुसऱ्या कुणाला तरी द्या," म्हणाली आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागली.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला आणि सातवा जुन्या पंचांकडे. चौथा अवघड, म्हणून शक्यतो बाहेरून बोलावलेल्या वक्त्याकडे. आणि तिसरा, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा', हा बायकांकडे, कारण त्यात आई आहे. बायकांकडे म्हणजे पाळकीणबाईंकडे, पाळकाच्या बायकोकडे, असा शिरस्ता. त्या वर्षी पाचवा मी माझ्याकडे ठेवला होता: 'मला तहान लागली आहे'. त्याची तयारी मी महिनाभर करत होतो.

इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर त्या दिवसाचा अर्थ लागणार नाही.

ही परिचारिका. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून नऊ वर्षं एका मिशन दवाखान्यात मेडिकल वॉर्डात होती. या मंडळीत माझी बदली झाली तेव्हा, पाळकीणबाईंनी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत असावं, अशी अपेक्षा मला स्पष्ट शब्दांत कळवण्यात आली. ती अपेक्षा मी घरी येऊन तिला सांगितली. विचारलं नाही, सांगितलं. तिनं दोन दिवस काही बोलणं केलं नाही आणि तिसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला. आमचा दुसरा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तिचा पगार बंद झाल्यावर घरखर्चाची जी ओढाताण झाली तीही तिनंच निभावली.

पहिल्याच रविवारी तिचं नाव महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून जाहीर झालं. आधीच्या पाळकीणबाईंनी ते मंडळ बारा वर्षं फार सुंदर चालवलं होतं. त्या बोलायला उभ्या राहिल्या की बायका पदराला डोळे पुसायच्या, असं आजही सांगतात. हिच्या हातात माइक आला की हिचा घसा सुकतो. चार माणसांत ती मोकळी असते, चाळिसांपुढं गप्प होते. सभेला चाळीस बायका यायच्या, त्या दोन वर्षांत बारा-पंधरावर आल्या. कुजबुज सुरू झाली. बाई शिष्ट आहेत, बाईंना आमच्यात मिसळायचं नाही. ते माझ्या कानावर आलं की मी घरी येऊन तिला आणखी तयारी करायला सांगायचो. पुढं पुढं तिच्या प्रार्थनासुद्धा मीच लिहून द्यायला लागलो. सहा वर्षं. सवयीनं जमेल, असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच सहा वर्षांत रात्री-अपरात्री आमच्या दाराची कडी वाजायची ती मात्र माझ्यासाठी नसायची. ओल्या बाळंतिणीला दूध येत नाही, पोराचा ताप उतरत नाही, साखरेच्या आजारानं एकाच्या पायाची जखम चिघळली आहे. ही उठायची, स्वेटर चढवायची, जायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं आणि कुणाजवळ नुसतं बसायचं हे तिला दारातूनच कळायचं. मी पुन्हा झोपायचो. वर्षअखेरीच्या अहवालात मी बाप्तिस्मे लिहायचो, लग्नं लिहायचो, माती किती झाल्या ते लिहायचो, घरभेटींचा आकडा लिहायचो. तिच्या नावापुढं लिहायचो: महिला मंडळाच्या सभा, अकरा.

आणि माझं म्हणाल तर मला आजाऱ्याच्या खाटेपाशी बसता येत नाही. तेविसावं स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो, दिलेला चहा घेतो आणि निघतो. दहा मिनिटं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या घालत होतो आणि आत त्यांच्याजवळ ही बसली होती. तेव्हाही मला वाटलं, ती परिचारिका आहे, तिचं कामच आहे.

तर तिसरा उद्गार. पावणेबारा झाले होते. मंदिरात मागच्या बाजूला सतरंज्या अंथरायचं काम चाललं होतं. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एक मावशी वाकून सतरंजीची सुरकुती काढत होत्या. त्यांना विचारलं ते काही विचार करून नाही, त्या समोर होत्या म्हणून. "मावशी, तिसऱ्या उद्गारावर तुम्ही बोलाल का? बाईंना गुरुजींकडं जावं लागलं." हातात ते दोन कागद होते, ते मी पुढं केले. मावशींनी कागदांकडं बघितलं, घेतले नाहीत. "ते बाईंचं आहे," म्हणाल्या. "मी माझं बोलंन."

पहिला उद्गार झाला, दुसरा झाला. मावशी उभ्या राहिल्या. माइकपासून जरा लांबच. सुरुवातीला काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या:

"माझा बाविसाव्या वर्षी हायवेला गेला, तुमाला सगळ्यांला म्हाईत हाये. मला कुणी म्हणलं नाही, बाई, हा तुझा मुलगा. मातीहून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दारात दोन हंडे भरलेले. तिसऱ्या दिवशी भरलेले. माझा भरायचा ना रोज, म्हणून. कोण भरतं ते मी सात-आठ दिवस बघितलंच नाही, बघायची ताकद नव्हती. मग एक दिवस पहाटं दार उघडलं तर शेजारचा पोरगा. तो लाजला. म्हणला, मावशे, मला जमतंय. अजून भरतो. लगीन झालं त्याचं, तरी भरतो. येशूनं वरून सांगितलं ते खाली कुणाला तरी ऐकू येतं. मला एवढंच बोलायचंय."

मंदिरात पंख्यांचा आवाज तेवढा होता. तो शेजारचा मुलगा पुरुषांच्या बाजूला चौथ्या रांगेत मान खाली घालून बसलेला. मी सहा वर्षांपूर्वी मावशींच्या मुलाची माती केली होती. चांगला उपदेश केला होता, लोक अजून आठवण काढतात. हंड्यांची गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

पाचव्या उद्गारावर मी अठरा मिनिटं बोललो. त्यातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही.

तीन वाजता आशीर्वाद दिला, झगा काढला आणि प्रभुभोजनाची लहान लाकडी पेटी घेतली. आदल्या दिवशी गुरुवारच्या प्रभुभोजनासाठी हिनंच मनुका उकळून रस केला होता, त्यातला बाटलीत उरलेला बरोबर घेतला. तरुण संघातल्या एका मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसलो. एप्रिलचं ऊन. शेतात उपटलेले कांदे पातीनं झाकून ठेवलेले, बायका तशा उन्हात कापायला बसलेल्या. कच्च्या रस्त्यावर पेटी छातीशी धरून मी मनातल्या मनात म्हणत होतो, प्रभू, ते अजून असू देत.

वस्तीवर पोचलो तर वीस-पंचवीस माणसं लिंबाखाली बसलेली. आत गर्दी नव्हती. हिनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं. खाट खिडकीपाशी ओढली होती, पत्रा तापलेला म्हणून खिडकीला ओलं गोणपाट लावलं होतं. गुरुजी एका कुशीवर, डोक्याखाली गोधडीची घडी, दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी. घशातली घरघर मी व्हरांड्यातूनच ऐकली होती. ती ऐकली की माझे पाय जड होतात. ही खाटेच्या कडेला बसली होती. हातात पाण्याची वाटी, बोटाला कापसाचा बोळा गुंडाळलेला. बोळा पाण्यात बुडवायची, वाटीच्या कडेला पिळायची, थेंब पडणार नाही इतका. मग खालच्या ओठावरून, वरच्या ओठावरून, गालाच्या आतल्या बाजूनं, जिभेवरून. पुन्हा नवा बोळा. गुरुजींचे ओठ बोळ्यामागं अगदी थोडे हलायचे, बाळाचे हलतात तसे.

तासाभरापूर्वी मी मंदिरात तहानेवर बोलत होतो.

"कूस बदलायची वेळ झाली," ही म्हणाली. "दोन तास झाले." आणि दाराकडं बघून तिनं हाक मारली. "थोरले भाऊ, धाकटे भाऊ, या बरं."

आता, गुरुजींच्या या दोन मुलांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. दीड एकराची वाटणी आणि एक बांध. मी त्यात तीनदा पडलो होतो. मत्तयाचा अठरावा अध्याय काढून, भावानं अपराध केला तर त्याच्याकडं एकट्यानं जावं, हे दोघांना वेगवेगळं समजावून सांगितलं होतं. दोघांनीही ऐकून घेतलं होतं आणि दोघांनीही दुसऱ्यालाच जायला सांगा म्हटलं होतं. ही पोचली तेव्हा थोरला लिंबाखाली होता, धाकटा आत, म्हणून थोरला आत पाय ठेवायला तयार नव्हता. हिनं जमिनीचा विषय काढलाच नाही, क्षमेचा तर नाहीच. बाहेर जाऊन एवढंच म्हणाली, "मला एकटीला उचलत नाहीत. दोन पुरुष माणसं लागतील आणि दोघंही घरचीच हवीत, त्यांना परका हात कळतो." हे सगळं धाकट्या सुनेनं मला नंतर सांगितलं. मी पाहिली ती दुसरी वेळ होती.

"थोरले भाऊ, तुम्ही अलीकडून. धाकटे, तुम्ही पलीकडं जा. चादर कडेनं गुंडाळत आणा, पार अंगापर्यंत. अशी. मूठ घट्ट. एक मूठ खांद्यापाशी, एक कमरेपाशी. मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचं. एकानं आधी ओढलं तर त्यांना दुखेल. एकमेकांकडं बघा. एक, दोन, तीन."

चादरीची चार टोकं दोघांच्या चार मुठींत. गुरुजी वर उचलले गेले, थोडे सरकले आणि दुसऱ्या कुशीवर अलगद आले. वजन काही उरलेलं नव्हतं, पण दोघांच्या कपाळावर घाम होता. धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या बाजूला जरा खाली घे." चार वर्षांतलं ते पहिलं बोलणं असेल. थोरल्यानं खाली घेतलं.

मी पेटी उघडली. खुर्चीवर पांढरा रुमाल अंथरला, लहान पेल्यात रस ओतला आणि भाकरीचा तुकडा मोडला. हात नेहमीप्रमाणे चालत होते. तुकडा घेऊन मी पुढं वाकलो तेव्हा हिनं माझ्या मनगटाला हात लावला.

"एवढा नाही. गिळणं बंद झालंय." मग तिनं विचारलं, आणि हे विचारणं माझ्या कायमचं लक्षात राहिलंय, "मी देऊ का? तुम्ही शब्द म्हणा."

आमच्या पद्धतीत प्रभुभोजनाचे शब्द दीक्षित पाळकानंच म्हणायचे असतात, आणि ते योग्य आहे असंच मी मानतो. ते मी म्हटले. "हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिले जात आहे." तिनं माझ्या हातातल्या तुकड्यावरून तिळाएवढा कण काढला, रसात भिजवला, करंगळीच्या टोकावर घेतला आणि मी वाक्य संपवेपर्यंत थांबली. मग गुरुजींचा खालचा ओठ अंगठ्यानं हलकेच खाली घेऊन तो कण जिभेच्या टोकावर ठेवला. मी पेल्याचे शब्द म्हटले. तिनं कापसाचं टोक रसात बुडवलं, पिळलं आणि जिभेवर टेकवलं. गुरुजींची जीभ हलली. ओठाच्या कोपऱ्यातून जांभळी रेघ आली, ती तिनं टिपली. डोळे त्यांनी उघडले नाहीत, पण उजव्या हाताची बोटं वर आली, वर्गात 'बसा' म्हणायला येतील तशी.

तो तुकडा मी माझ्या हातानं दिला असता तर गुरुजी प्रभुभोजन घेताना गुदमरले असते.

यानंतर मी सवयीप्रमाणे तेविसावं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली आणि पेटी बंद करायला लागलो. "निघताय?" ती म्हणाली. मी काही उत्तर दिलं नाही. "बसा ना. हा हात धरा त्यांचा. काही करायचं नाही, नुसता धरायचा. आणि बोला त्यांच्याशी. ऐकू येतंय असं धरूनच बोलायचं असतं."

मी बसलो. काय बोलावं ते सुचेना. तीनशे माणसांपुढं मला शब्द सुचतात, तिथं सुचेनात. ते तिच्या लक्षात आलं असावं. "गा ना," म्हणाली. गळा मात्र मला आहे. मी रेव्हरंड टिळकांचं एक भजन अगदी हळू धरलं, गुरुजी शाळेत पोरांकडून म्हणून घ्यायचे ते. दुसऱ्या कडव्यात दारातून थोरल्या मुलाचा आवाज आला, मग सुनांचा, मग लिंबाखालून. रात्री साडेनऊपर्यंत मी त्या खाटेजवळून उठलो नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मरणाऱ्या माणसाजवळ सहा तास बसलो. घरघर तशीच चालू होती. ती ऐकत बसता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

शनिवारी पहाटे साडेचारला गुरुजी गेले. हिनं दोन्ही सुनांना बरोबर घेतलं. जबडा कसा बांधायचा, डोळे कसे मिटवायचे, अंघोळ घालताना लाज कशी राखायची, हे त्यांना हळू आवाजात दाखवत होती. मी चुलीवरचं गरम पाणी बादलीत काढून दाराशी नेऊन ठेवत होतो. दुपारी चार वाजता माती झाली. उपदेश मी केला, छोटाच.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. पहाटे पाचला मेणबत्त्या घेऊन उपासना. ही शुक्रवारची रात्रभर जागी होती. मी दिवा न लावता उठलो, मुलांना उठवलं आणि दार ओढून घेतलं. मंदिरात सगळ्यांनी तेच विचारलं, पाळकीणबाई दिसत नाहीत? अशा वेळी मी काहीतरी कारण द्यायचो, डोकं दुखतंय, येतीलच मागून. त्या दिवशी सांगितलं, "झोपल्या आहेत. मीच उठवलं नाही." एक-दोन चेहरे बदललेले दिसले.

लग्न लावताना मी गेली कित्येक वर्षं प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला यांच्यावर बोलतो. राहुट्या शिवणारं जोडपं, पौलाला घरात ठेवून घेणारं. सुसंवादी संसार, असा माझा मुद्दा असायचा. त्या आठवड्यात पुन्हा वाचायला बसलो. नव्या करारात या जोडप्याचं नाव सहा ठिकाणी येतं आणि त्यातल्या चार ठिकाणी तिचं नाव आधी आहे. त्या काळी बाईचं नाव आधी घालण्याची रीत नव्हती. आणि अपुल्लोसारख्या पट्टीच्या वक्त्याला ही दोघं देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात ती सभास्थानात उभं राहून नव्हे, त्याला आपल्याजवळ बोलावून घेऊन. यावर मी इतक्यांदा बोललो, पण तिच्याकडं नेमकं काय होतं आणि त्याच्याकडं काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक टिळक पतिपत्नींचं उदाहरण फार देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत न गेलेली बाई. पण आम्ही ते सांगतो ते नवऱ्याचं काम बायकोनं तडीस नेलं, अशा सुरात. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आवाज टिळकांच्या आवाजाहून किती वेगळा होता, बोलीतला, घरातला, रोखठोक, आणि तो त्यांनी नवऱ्यासारखा करून घेतला नाही, हे आम्ही सांगत नाही. मी हिला माझी वाक्यं लिहून देत होतो. सहा वर्षं.

मे महिन्याच्या पंच कमिटीत मी विषय ठेवला: पाळकीणबाई महिला मंडळाचं अध्यक्षपद सोडतील आणि मंडळानं आपली अध्यक्ष आपण निवडावी. सोपं गेलं नाही. एक जुने पंच म्हणाले, "आधीच्या बाईंनी बारा वर्षं सांभाळलं ते?" मी म्हटलं, त्यांना ते देवाचं दान होतं. दान त्या बाईंना होतं, पाळकाच्या बायकोच्या खुर्चीला नव्हतं. दुसरे म्हणाले, "म्हणजे त्यांना काम नको आहे." यावर मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. मागच्या सहा वर्षांत या खोलीतल्या किती जणांच्या घरी ती रात्री आली होती, असं मी विचारलं. अकरा जण बसले होते. कुणी हात वर करावा असं मी म्हटलं नव्हतं, पण गुरुजींचा थोरला मुलगा, जो कमिटीत नुकताच आला होता, त्यानं हात वर केला. मग सेक्रेटरींनी केला. मग त्या जुन्या पंचांनीही.

तिनं काय मागितलं ते मी घरी आधीच विचारून ठेवलं होतं. या खेपेला विचारलं. पद नको, म्हणाली. आजाऱ्यांच्या भेटींची एक वही असावी आणि ती तिच्याकडं असावी, पाळकानंसुद्धा भेटीला जाताना ती बघून जावं. स्कूटीच्या पेट्रोलचे पैसे मंडळीनं द्यावेत. आणि आठवड्यातले तीन दिवस ती तालुक्याच्या एका दवाखान्यात नोकरी करील. तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. पाळकाची बायको नोकरीला, हे काहींना अजून पटलेलं नाही. ठराव झाला, दोन विरुद्ध.

महिला मंडळानं जूनमध्ये झेडपीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला निवडलं. मावशींनी अध्यक्ष व्हायला साफ नकार दिला, पण आता दर महिन्याला एकदा त्या बोलतात, कागदाशिवाय. ही मागच्या सतरंजीवर बसून ऐकते आणि मोकळेपणानं हसते. मी लहान मुलांची शब्बाथ शाळा माझ्याकडं घेतली आहे. तीही पाळकीणबाईंकडं असायची. मला गाणं येतं आणि पोरांत मी रमतो, हे मला चाळिशीनंतर कळलं.

सगळं नीट झालं असं नाही. गुरुजींच्या मुलांचा दावा तहसील कचेरीत अजून चालू आहे. बोलतात एवढंच. हिची नोकरीची सहा वर्षं गेली. ज्या मुली तिच्या हाताखाली शिकत होत्या त्या आज सिस्टर इन्चार्ज आहेत. ते मला भरून देता येणार नाही आणि ती ते बोलूनही दाखवत नाही, त्यामुळं ते मला जास्त लागतं. नुकतीच सेमिनरीतून बाहेर पडलेली, लग्न झालेली मुलं भेटायला येतात. मी त्यांना विचारतो, "तुझ्या बायकोला काय येतं?" बहुतेक जण पटकन म्हणतात, "पेटी वाजवते, गाते छान." मी म्हणतो, घरी जाऊन नीट विचार आणि पुढच्या खेपेला मला सांग. काही जण परत येऊन सांगतात, काही येतच नाहीत.

वही साधीच आहे, दोनशे पानी, लाल पाठीची. तारीख, नाव, वस्ती, काय झालं, पुन्हा कधी जायचं, असे रकाने तिनं पट्टीनं आखले आहेत. वही मेमध्ये सुरू झाली, पण पहिलं पान तिनं एप्रिलचं घातलं आहे. तिच्या बारीक, वॉर्डातल्या अक्षरात: गुरुजी. उत्तम शुक्रवार. तोंडाची काळजी दर अर्ध्या तासानं. कूस बदलली दीड वाजता, साडेतीनला, साडेपाचला, साडेसातला. दोन्ही मुलगे हजर. प्रभुभोजन घेतलं. पाळक साडेनऊपर्यंत बसले.